दातांच्या दवाखान्यातली चक्की

२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

फोनवर मी पुन्हा पुन्हा तेच विचारलं आणि तू दर वेळी "हो हो, आम्ही मजेत" एवढंच म्हणालास, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसलेय. तुमच्याकडची लाईन खरंच इतकी खराब झालीय?

तर ऐक. मी विमा कचेरीतली नोकरी सोडली आणि कॉफीचं दुकान टाकतेय. रागावू नकोस, पुढचं वाच. जाऊबाईंचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, दातांचा दवाखाना तू पाहिला आहेस. आत शिरलं की पेशंट बसतात ती खोली, आणि तिच्या डाव्या अंगाला एक चिंचोळी खोली, जिच्यात मोडकी खुर्ची आणि रिकामी खोकी पडलेली असायची. ती खोली त्यांनी मला दिली. रस्त्यावर खिडकी उघडते, तिथून येणाऱ्या-जाणाऱ्यांना कॉफी. आतल्या दारातून पेशंटबरोबर आलेल्यांना. वहिनी म्हणाल्या, "चालवून बघ. माझ्या पेशंटना त्रास झाला नाही म्हणजे झालं." त्यांच्या तोंडून एवढं वाक्य म्हणजे वाजतगाजत निघालेली वरातच समज.

एस्प्रेसोचं यंत्र आलंय, जुनं पण धडधाकट. घोडं अडलंय ते दळण्यावर. दळण्याचं यंत्र विजेचं घ्यावं की हाताने फिरवायची चक्की? आमचे हे म्हणतात विजेचं, डोळे मिटून. मला कॉफी शिकवली त्या बाई म्हणायच्या, चांगली हातचक्की मध्यम विजेच्या यंत्राला सहज मागे टाकते. दोघंही छातीठोकपणे बोलतात. तुझा जन्म पिठाच्या गिरणीत गेलाय. तू सांगशील ते घेते.

तुझी,
ठकू

*

९ फेब्रुवारी

ठकूबाई,

आशीर्वाद तू जन्मलीस तेव्हाच ढीगभर देऊन ठेवलेत, ते अजून सरले नसतील. आणि रागावतो कशाला? कचेरीत बसून बसून तुझा चेहरा शिळ्या पावासारखा झाला होता. बरं केलंस.

लाईन खराबच आहे. तक्रार केलीय.

आता दळणाचं. कॉफीचं मी कुणाकडे शिकलो नाही, पण दाणा म्हणजे दाणाच. तुझं पत्र आल्यावर इथल्या कॉफीवाल्याकडे जाऊन उभा राहिलो, त्याला गप्पांत गुंतवलं आणि सगळं बघून घेतलं. एस्प्रेसोत गरम पाणी दाबाने कॉफीतून ढकलतात. दळण जाड असलं तर पाणी पाहुण्यासारखं दारातूनच परत फिरतं, काही घेत नाही, कॉफी पांचट. फार बारीक झालं तर पाण्याचा जीव गुदमरतो, थेंब थेंब पडतं, कॉफी कडूजहर. आणि अर्धं जाड अर्धं बारीक असेल तर एकाच कपात दोन्ही दुःखं. म्हणजे हवं काय? बारीक, एकसारखं, आणि मनाला येईल तेव्हा केसभर इकडेतिकडे करता येणारं. पात्याने कापणारं मिक्सरसारखं यंत्र कुणी फुकट दिलं तरी घेऊ नकोस, ते दळत नाही, नुसतं तोडतं. दातेरी चकत्यांचंच हवं.

हातचक्की चांगली की विजेची? घरात नवरा-बायको दोघं असली तर हातचक्की. दुकानाला वीजच, ठकू. खिडकीशी माणसं उभी राहिली, बस सुटायची वेळ झाली, की तुझा दंड गळून पडेल. गिऱ्हाईक कपाकडे बघतं, दळणाकडे नाही. हे मी गिरणी चालवून सांगतोय.

तुझ्या मामीला घेऊन मोठ्या दुकानात गेलो. तिथला पोरगेला विक्रेता यंत्र लावून माझ्यासमोर केवढ्याने ओरडत होता! सवयच असते काहींना मोठ्याने बोलायची. मी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. यंत्राच्या अंगावर तळवा ठेवला, दळण चिमटीत चोळून पाहिलं. लोण्यासारखं. थरथर जवळपास नाही. आवाज म्हणशील तर उबेला बसलेलं मांजर घुरघुरतं ना, तेवढाच. तिथल्या तिथे घेतलं आणि तुझ्या पत्त्यावर धाडलं. हा माझ्याकडून दुकानाला आहेर. नाही म्हणायचं नाही.

तुझा मामा

ता. क. – मी मामी. यंत्र बघायला मीही होते. मला कुणी काही विचारलं नाही, म्हणून मी काही बोलले नाही.

*

२६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

आहेर पोचला. देखणा आहे. खिडकीत ठेवलाय, रस्त्यावरून जाणारे वळून वळून बघतात. दळणाबद्दल तू म्हणालास ते अक्षरशः खरं. पहिल्याच कपाला मधाच्या रंगाची साय आली, आणि पलीकडच्या चष्म्याच्या दुकानातले काका म्हणाले, "बाई, आमचं उठणंबसणं आता इथेच."

बाकी सगळं ठीक. वहिनी ठीक आहेत, जरा कामात असतात. आमचे हे ठीक आहेत.

एक विचारायचं होतं, सहज. माझ्या एका मैत्रिणीला हातचक्की घ्यायचीय, तीही एस्प्रेसोसाठीच. दिवसभर वापरायची झाली तर माणसाचं काय होतं? दंड फार भरून येतो का? काही युक्ती असते का? आणि सकाळीच सगळं दळून डब्यात भरून ठेवलं तर चालतं का? मैत्रीणच विचारत होती.

मामीला नमस्कार. तिच्या ता. क.चा अर्थ विचारशील का?

तुझी ठकू

*

४ मार्च

ठकूबाई,

कोण ही मैत्रीण? तुझ्याच रस्त्यावर खिडकी काढतेय की काय? तसं असेल तर तिला सांग की हातचक्कीसारखी चीज नाही, आणि मग महिन्याभराने तिचा दंड बघायला जाऊ आपण दोघं.

थट्टा राहू दे. कुणाचीही असो, पोरीच्या जातीने कष्टाचं विचारलं तर खरं सांगायला हवं. सकाळी दळून डब्यात भरणं हे पाप आहे. कॉफीचा वास दळल्या दळल्या उडायला लागतो, दुपारी डब्यात नुसती माती उरते. गिऱ्हाईकाला कळत नाही असं समजू नये, त्याला फक्त सांगता येत नाही, तो यायचा बंद होतो. हातचक्की घ्यायचीच तर दांडा लांब असलेली घे म्हणावं, म्हणजे जोर कमी लागतो. हवेत धरून फिरवू नये, खालच्या हाताचाच आधी निकाल लागतो. घट्ट बसवून घ्यावी कशात तरी. आणि खांदा सैल सोडून फिरवावं, रागाने नाही. रागाने दळणाऱ्या बायका मी गिरणीत येण्याआधी घरी पुष्कळ बघितल्यात, पीठ जाडंभरडंच यायचं.

पण दुकानाला वीजच. यात काडीचा बदल नाही. यंत्राकडे बघ ना तुझ्या, चाललंय की नाही झकास?

मामीला अर्थ विचारला. ती म्हणाली, "अर्थ पण मीच सांगू?" आणि आत गेली. दुपारभर काहीतरी पुटपुटत होती. तिचं बोलणं अलीकडे फार पुटपुटं झालंय.

तुझा मामा

*

१३ मार्च

मामा, नमस्कार.

मी ठकूची जाऊ. तुम्ही आमच्या घरी आला होतात तेव्हा माझ्याकडे दाखवायला तोंड उघडायला तयार नव्हतात, ती. हे पत्र लिहितेय हे तिला ठाऊक नाही. तुम्ही तिला खुशाल सांगा.

गोड बोलणं मला जमत नाही, म्हणून सरळ लिहिते. तुम्ही पाठवलेलं यंत्र सुरू झालं की त्याचा सूर माझ्या दात कोरायच्या यंत्राच्या सुराशी तंतोतंत जुळतो. फरक इतकाच, की माझं थोडा वेळ चालतं आणि थांबतं, तिचं गर्दीच्या वेळी थांबतच नाही. पलीकडे बसलेल्या पेशंटना वाटतं, आत कुणाचं तरी कोरणं चाललंय आणि ते संपत नाही. परवा एक बाई म्हणाल्या, "त्या बिचाऱ्याचे एकदम सगळेच करताय का?" आणि पर्स उचलून गेल्या. काल एक गृहस्थ माझ्या खुर्चीतून उठले. गालात कापूस तसाच. माझ्या हातात त्या वेळी काहीच नव्हतं, मी नुसती हात धूत होते.

मी ठकूला सांगितलं, यंत्र बदल. ती म्हणते, मामाने दिलंय. मी म्हटलं, मामांना कळव. ती म्हणते, त्याने इतक्या हौसेने निवडलं, त्याला कसं सांगू. भिंतीला गाद्या लावून झाल्या, यंत्र खोक्यात घालून झालं, तापून बंद पडायला आलं. शेवटी मी सांगितलं, महिनाअखेरपर्यंत आवाज गेला नाही तर खोली रिकामी कर. हे सांगताना मला आनंद झाला नाही. तिच्या हातची कॉफी चांगली असते. पण माझे पेशंट माझ्याकडे आधीच घाबरत येतात.

एक विचारते, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही ठकूला लिहिलंत, पण दुकानात यंत्र चालू असताना तुम्हाला खरोखर मांजराएवढाच आवाज आला? मी दातांची डॉक्टर, कानांची नाही, पण कान कुणाला तरी दाखवा.

– ठकूची जाऊ

*

२० मार्च

ठके,

आज ठकूबाई नाही. आज ठके.

तुझ्या जाऊचं पत्र आलं. बाई मला आवडली. एक शब्द वाया घालवत नाही. तिच्याकडे मी आता तोंड उघडेन.

पत्र मामीपुढे ठेवलं आणि म्हटलं, "काय गं, तो विक्रेता ओरडत का होता?" ती म्हणाली, "यंत्राच्या वर आवाज काढायला! आणखी कशाला?" मग मला हाताला धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने मला एका पेटीसारख्या खोलीत बसवलं, काही ऐकू आलं की बोट वर करा म्हणाला. मी आपला बसलो वाट बघत. चांगली शांत खोली होती. बाहेर आलो तर म्हणतो, मामा, आत बराच गोंगाट चालू होता.

तेव्हा असं आहे. गिरणीच्या पट्ट्याच्या शेजारी हयात काढली, कानांनी कधीतरी रजा घेतली असणार. मला अर्ज दिला नाही, इतकंच. फोनची लाईन ठणठणीत आहे, तक्रार मागे घेतली. आता कानात यंत्र आहे. आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळतो हे मला समजलं, आणि मामी पुटपुटत असते ते माझ्याबद्दलच असतं हेही. काही वेळा यंत्र काढून ठेवतो.

कानात ते घालून त्याच दुकानात गेलो आणि तुला पाठवलं तसलंच यंत्र लावायला सांगितलं. बाप रे! माझी मागची दाढ जागच्या जागी कळवळली. तुझ्या जाऊचे पेशंट बरोबर होते.

यातलं काहीही रडण्यासारखं नाही. रडण्यासारखं दुसरंच आहे. मामाचं मन मोडू नये म्हणून तू स्वतःचं दुकान मोडायला निघालीस? माझं मन म्हणजे काय बशी आहे, हातातून निसटली की फुटली? यंत्र चुकलं तर मला त्याच दिवशी सांगायचं होतं, "मामा, हे बोंबलतं." मी हसलो असतो आणि दुसरं बघितलं असतं. तू मैत्रीण उभी केलीस. मीही गाढव, त्या मैत्रिणीला दंड भरण्याचं सांगत बसलो, आणि दंड तुझा होता!

आता ऐक. मागच्या पत्रात मी तावातावाने लिहिलं की दुकानाला वीजच. ते खोडतो. म्हणजे दुकानाला वीजच, पण तुझं दुकान दवाखान्यात आहे हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. जागा बघून चक्की निवडायची असते, चक्की बघून जागा नाही. दळण विजेचं असो की हाताचं, कपात दोन्ही सारखीच येतात, चकत्या चांगल्या असल्या की झालं. फरक कष्टाचा आणि आवाजाचा. तुझ्याकडे कष्ट परवडतात, आवाज परवडत नाही. संपलं.

सोबत हातचक्की पाठवतोय. हिला मी दुकानात कान लावून ऐकलंय, शपथ. वाळूवरून चपला ओढत चालावं तेवढीच कुरकुर. आमच्या सुताराकडून तिच्यासाठी जड लाकडी बैठक करून घेतलीय, वर भोक आहे, त्यात चक्की घट्ट बसते. एका हाताने फिरवता येते, लहान मूलही फिरवील. विजेची टाकू नकोस. दवाखाना बंद असतो त्या दिवशी खिडकी उघडून तीच चालव, खुशाल बोंबलू दे.

महिनाअखेरला किती दिवस उरलेत ते मी मोजत नाही. तू जाऊच्या समोर उभी राहा आणि सांग, आवाज गेला. चाचरू नकोस.

तुझा मामा

ता. क. – मामी. मी त्या दिवशीच बोलायला हवं होतं. पण यंत्र इतक्या प्रेमाने कुरवाळत होते ना हे, की माझाच जीव झाला नाही. आपण दोघी एकाच माळेचे मणी.

*

१ एप्रिल

प्रिय मामा,

रागाव हवं तितकं. मी चुकले. तुला दुखवू नये म्हणून खोटं बोलले आणि तू तर दुखावलासच नाहीस, नुसता कानात यंत्र घालून मोकळा झालास. आता सगळं सांगते, काही न लपवता.

चक्की आली त्या दिवशी आवाज गेला आणि माझा दंडही गेला. सकाळच्या बसच्या गर्दीत मी दळत होते, कप भरत होते, परत दळत होते. खिडकीशी लोक खोळंबायचे. चष्मेवाले काका म्हणाले, "बाई, आज कॉफी मिळेल की उद्या?" पेशंट उठून जायचे थांबले हे खरं, पण गिऱ्हाईकं उठून जायला लागली. मी मनातल्या मनात आवराआवर सुरू केली होती. तुला हेही कळवणार नव्हते.

मग एके दिवशी एक शाळेतल्या बाई आल्या. दाढेचं मूळ साफ करायचं होतं, सोबत बहीण. बाईंचा पाय एकसारखा हलत होता, खुर्चीसकट. मला आतल्या दारातून दळताना बघून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मी फिरवू का? हातांना काहीतरी द्या हो." मी बैठकच उचलून पेशंटच्या खोलीतल्या टेबलावर ठेवली. बाई फिरवायला लागल्या. तू म्हणतोस तसा खांदा सैल सोडून नाही, चांगल्या त्वेषाने! पण तुझी चक्की जाडंभरडं पाडत नाही. हळूहळू पाय हलायचा थांबला. मी त्यांच्या दळणाची कॉफी केली. तेवढ्यात त्यांना आत बोलावणं आलं, आणि भूल दिल्यावर ओठ बधिर होतात, गरम पिता येत नाही, म्हणून कॉफी बहिणीने प्यायली. बाहेर आल्यावर वेडावाकड्या ओठांनी बहिणीला विचारतात, "कशी धालीय?"

दुसऱ्या दिवशी ते बघणाऱ्या एकाने मागितली. मग मागतच राहिले. पेशंट दळतो, सोबतचा पितो, असं होऊन बसलंय. खिडकीवरच्या गर्दीचंही अर्धं दळण तिकडूनच येतं, मी फक्त दाणे तोलून देते आणि लगेच कप लावते. तू लिहिलं होतंस की गिऱ्हाईक दळणाकडे बघत नाही. मामा, इथे बघतंय! घाबरलेल्या माणसाला बघायला आणि करायला काहीतरी हवंच असतं.

तुला हसायचंच असेल तर ऐक. एक ट्रक चालवणारे गृहस्थ आले, पंजे फावड्याएवढे, आणि भीतीने पांढरेफटक. दळायला बसले. वहिनींनी नाव पुकारलं तर म्हणतात, "दळण अर्ध्यावर आहे, डॉक्टर." परत पुकारलं. "होत आलंय." तिसऱ्यांदा वहिनी स्वतः बाहेर आल्या, तोंडावरची पट्टी गळ्यात, आणि चक्कीवर नुसता हात ठेवून म्हणाल्या, "मघापासून रिकामी फिरवताय." सगळी खोली हसली. तेही हसले. वहिनींनी त्यांना आत पाठवलं आणि जाता जाता दांडा दोनदा स्वतः फिरवून पाहिला. कुणी बघत नाही असं त्यांना वाटलं.

पण चक्की आल्यापासून मुदतीचा शब्द त्यांनी एकदाही काढला नव्हता, आणि मीही विचारलं नव्हतं. तू म्हणालास चाचरू नकोस, आणि मी चाचरतच राहिले. त्या दिलेला शब्द फिरवत नाहीत हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. काल महिनाअखेर होती. शेवटचा पेशंट गेल्यावर मी कप कागदात गुंडाळून खोक्यात भरायला घेतले. वहिनी हातमोजे काढत दारात आल्या.

"हे काय चाललंय?"

"महिना संपला, वहिनी."

"कुणाचा?"

त्यांनी खोक्यातला एक कप काढला, कागद सोडवला आणि यंत्राखाली ठेवला.

"एक कर मला. दिवसभर सगळ्यांना पिताना बघते आणि माझ्या वाट्याला नुसता वास." मग भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "आणि उद्या लवकर ये. पहिलाच अक्कलदाढेचा आहे, दोनदा वेळ घेऊन पळालाय. आला की त्याच्या हातात चक्की दे आणि मी हाक मारल्याशिवाय सोडू नकोस. चक्की नव्हे, त्याला."

मामा, आज तो आला. दळत बसला, आणि हाक मारल्यावर आत गेला. मी पत्र इथेच थांबवते, कारण बाहेर त्याची आई उभी आहे आणि तिला कॉफी हवीय.

तुझी ठकू